मेंढीच्या हिशेबानं ताप

माझ्या चार वर्षांच्या भाचीला एकशे तीन ताप होता आणि मी तिला काहीही झालेलं नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं. सकाळी सांगितलं, न्याहारीच्या वेळेला सांगितलं, आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा पुन्हा एकदा, जरा आवाज चढवून सांगितलं. घरात दवाखान्यात काम केलेला मी एकटाच होतो, त्यामुळे माझं सगळ्यांनी ऐकलं. आयुष्यात इतक्या लोकांनी माझं एकदम ऐकल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

दवाखाना ढोरांचा होता, हेही सांगून टाकतो. बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघण्याचे ते दिवस. निकाल काय लागणार हे मला ठाऊक होतं, पण घरच्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून घरात थांबण्यात मजा नव्हती. तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होते, त्यांच्या ओळखीनं मी तिथं जाऊ लागलो. माझं काम म्हणजे इंजेक्शन देताना जनावराचे पाय धरायचे आणि लाथ खायची. दीड महिना लाथा खाल्ल्यावर कंपाउंडरसाहेब खूश झाले आणि त्यांनी मला जुना थर्मामीटर दिला. काचेचा, जाडसर, डबी हरवलेला. तो मी खिशाला पेनासारखा लावून वडीगोद्रीच्या स्टँडवर उगाच दोन चकरा मारून आलो. साहेबांनी सोबत तीन वाक्यं पाठ करून घेतली होती. मेंढीला एकशे दोन-तीन असतंच, त्याची काळजी करायची नाही. एकशे चारच्या वर गेलं की ताप समजायचा. आणि शंभराच्या खाली आलं की मेंढी मरणाला टेकली समजायची. माणसाचं किती असतं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. शाळेत ते शिकवलं असणारच, पण त्या दिवशी मी बहुतेक बोरं पाडायला गेलो असेन. माणसांच्या थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णवच्या जवळ खूण असते म्हणतात. माझ्या थर्मामीटरवर कसलीही खूण नव्हती. नाहीतर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

आमच्याकडे सुट्टी म्हणजे मेंढरांवर जायचं. लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात, आम्ही भर उन्हाळ्यात सगळ्यात उघड्या माळाच्या दिशेनं जायचो. वडीगोद्रीजवळ आमचं घर होतं, चार-पाच एकर जमीन होती, वडील ती कसत. पण आबा, म्हणजे माझे आजोबा, शेवटपर्यंत पन्नास-साठ मेंढरांचा कळप घेऊन हिंडत राहिले. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की घनसावंगीकडचे शेतकरी आबांना बोलावून घेत. रात्री मेंढरं त्यांच्या रानात बसवायची, म्हणजे लेंड्यांचं खत पडतं, आणि त्या बदल्यात धान्य मिळतं. गोदावरीच्या अलीकडे एका मळ्याच्या कडेला बाभळीखाली आबांचा मुक्काम असे. तिथं चार दिवस जाऊन राहायचं, मेंढीच्या दुधाचा चहा प्यायचा, नदीच्या डोहात डुंबायचं, ही आमची चैन. पुण्याला दिलेली माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, ती त्या वर्षी लेकीला घेऊन माहेरी आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "चिमीला आबांच्या मेंढरांवर न्यायचंय. तिनं मेंढरू फकस्त पुस्तकात पाहिलंय." अक्काच्या सासूनं निघताना एकच गोष्ट बजावली होती, लेकरू जसं नेतेस तसं परत आण. अक्कानं हे हसत सांगितलं होतं, पण ते तिच्या मनात बसलं होतं हे मला पुढं कळलं.

मुक्कामाचं वर्णन करायला घेतलं तर मी उद्यापर्यंत थांबणार नाही, म्हणून थोडक्यात. तीन दगडांची चूल, बाजूला पाण्याचा माठ, बाभळीला टांगलेली भाकरीची टोपली, वाघर म्हणजे रात्री कळपाभोवती लावायची जाळी, आणि सामान वाहायचं एक म्हातारं घोडं. कोकरं बांबूच्या डालग्याखाली कोंडलेली. संध्याकाळी कळप परत आला की त्यांच्या आया ओरडत येत, आतून कोकरं ओरडत, आणि डालगं उचललं की प्रत्येक कोकरू बरोबर आपल्याच आईखाली जाऊन ढुशी मारू लागे. चिमीनं हे पाहिलं आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पांढऱ्या कपाळाचं एक कोकरू तिनं आपलं ठरवून टाकलं. त्याला बाटलीनं दूध पाजलं, त्याच्याशी पुण्याच्या भाषेत बोलली, आणि आबा म्हणाले, "आता हे कोकरू शहाणं होणार, ह्याला विकता येणार न्हाई." आमच्यासोबत आलेल्या मायनं बाजरीची भाकरी थापली, कैरीचा ठेचा केला, चिमीसाठी भाकरी दुधात कुस्करली. ती जेवली नाही. दिवसभराचा प्रवास, ऊन, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. येताना स्टँडवर मी तिला गुपचूप लाल गारेगार घेऊन दिलं होतं, तेही मी मनावर घेतलं नाही.

सकाळी कळप सोडायच्या वेळेला अक्कानं मला हाक मारली. चिमी घोंगडीवर पडून होती. गाल लाल, ओठ कोरडे, डोळे अर्धवट.

"बबन, हिचं अंग तापलंय रे."

मी खिशातून थर्मामीटर काढला. तो झटकायची एक ढब असते, मनगटातून, दोनदा. ती मी दवाखान्यात पाठ केली होती आणि आज घरचे बघत होते.

अक्का म्हणाली, "हे धुतलंय का?"

"फिनेलच्या पाण्यात."

"आजवर कुठं कुठं गेलंय हे?"

"धुतलंय म्हणलं ना अक्का."

"मी कुठं गेलंय ते विचारलं."

मी माठातल्या पाण्यानं पुन्हा धुतला, चिमीच्या काखेत धरला, मनात शंभरपर्यंत मोजलं आणि उन्हाकडं धरून पाहिला. एकशे दोन आणि वर दोन-तीन रेघा. मला खरंच हायसं वाटलं. "बिलकुल बराबर आहे," मी म्हणालो. "एकशे तीनच्या आत. इतकं असतंच."

आबा काठी टेकून उभे होते. त्यांनी खाली बसून चिमीचा कान अंगठा आणि बोट यांच्यात धरला. आजारी मेंढी ते अशीच ओळखत, सगळं आयुष्य त्यांनी कान धरूनच काढलं होतं. ते म्हणाले, "कान लई गरम आहे. हिला डाक्टरला दाखवा."

आणि मी, सतरा वर्षांचा, दीड महिन्याचा डॉक्टर, पन्नास वर्षं कळप राखलेल्या माणसाला म्हणालो, "आबा, कान धरायचे दिवस गेले आता. यंत्र हाये ना."

यंत्राकडं आबांनी एकदा पाहिलं, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि मेंढरं घेऊन गेले. कळप थांबवता येत नाही, त्याला चरायचं असतं. जाताना तीनदा मागं वळून बघत होते. हे मला तेव्हा दिसलं होतं. त्याचा अर्थ काय हे मी तेव्हा विचारलं नाही.

थोड्या वेळानं चिमीला थंडी वाजू लागली. मे महिन्यात, बाभळीच्या सावलीत. मायनं तिच्यावर घोंगडी टाकली, मग दुसरी टाकली. मीच म्हणालो होतो, "उन्हाचं आहे, घाम आला की मोकळी होईल." हेही मी दवाखान्यातच कुठल्यातरी म्हशीच्या बाबतीत ऐकलं असावं. चिमीला घाम आला नाही. अक्का तिच्याजवळ बसून होती, पदरानं वारा घालत होती आणि दर थोड्या वेळानं माझ्याकडं पाहत होती. मी तिच्या नजरेला नजर देऊन हसत होतो. आज मला ते हसू आठवतं तेव्हा स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. आता माझ्या नातवंडांचं अंग जरा कोमट लागलं तर सून फोनवर काहीतरी पाहते, डॉक्टरांना फोटो पाठवते, औषध मोजून देते आणि मला सांगते, "बाबा, तुम्ही बसा." मी बसतो. मला का बसवायचं, हे तिला अक्कानंच सांगितलं असणार, ते मला ठाऊक आहे.

डालग्याखालचं पांढऱ्या कपाळाचं कोकरू ओरडत होतं. काल चिमीनं त्याच्यापासून हलायला नकार दिला होता. मी ते उचलून तिच्याजवळ नेलं, म्हणालो, "हे बघ कोण आलंय." तिनं डोळे उघडले, कोकराकडं पाहिलं, आणि ते ओळखीचं नसल्यासारखं पुन्हा डोळे मिटले.

मी पुन्हा थर्मामीटर लावला. आणि आता जे लिहितो ते मी आजवर कोणालाही पुरतं सांगितलेलं नाही. पारा एकशे चारला जाऊन टेकला होता. माझ्याच तीन वाक्यांपैकी दुसऱ्या वाक्याप्रमाणे हा ताप होता. पण सकाळपासून मी "काही न्हाई" म्हणत होतो, आबांना उडवून लावलं होतं, अक्काला गप्प केलं होतं. मी थर्मामीटर जरा तिरका धरला. तिरका धरला की पारा थोडा खाली दिसतो, किंवा दिसतो असं स्वतःला सांगता येतं. मी म्हणालो, "एकशे तीन. सकाळसारखंच आहे. तुम्ही उगी घाबरून राह्यलाय." तिच्या तापापेक्षा माझी डॉक्टरकी जाईल याचं भय मला त्या घडीला मोठं होतं. इतकी मूर्खपणाची गोष्ट करूनही मी रात्री झोपतो, जेवतो, लोक मला काका म्हणतात.

अक्काचा आवाज बदलला. "हे यंत्रच बिघडलंय. आधी तुझा घे. मंग तिचा."

"माझा कशाला?"

"घे म्हणते ना."

मी झटकून काखेत धरला. शंभर मोजले. पाहिला. अठ्ठ्याण्णव.

मी पुन्हा पाहिलं, तिरका धरून पाहिलं, सरळ धरून पाहिलं. अठ्ठ्याण्णव. शंभराच्या खाली. कंपाउंडरसाहेबांचं तिसरं वाक्य माझ्या कानात त्यांच्याच आवाजात वाजलं. मी हळूच खाली बसलो. खरं सांगतो, माझे पाय गार पडले. हाताला मुंग्या आल्या. डोळ्यांपुढं घर, वडील, न लागलेला बारावीचा निकाल असं सगळं येऊन गेलं, आणि निकाल आता बघावा लागणार नाही असाही एक विचार येऊन गेला.

"माय," मी म्हणालो, "मला जरा घोंगडी दे."

मायनं भाकरीचं पीठ मळता मळता विचारलं, "तुला काय झालं आता?"

"माझं काही खरं न्हाई."

अक्कानं माझ्या हातातून थर्मामीटर ओढून घेतला. मी झटकला तसाच झटकला, स्वतःच्या काखेत धरला, आणि वाचता येईना म्हणून माझ्यापुढं धरला. अठ्ठ्याण्णव. मायच्या काखेत धरला. मायनं पिठाचे हात वर धरून सोसलं. अठ्ठ्याण्णव आणि दोन रेघा. म्हणजे माझ्या हिशेबानं आमचं सगळं घराणं त्या बाभळीखाली मरणाला टेकलं होतं. माय भाकरी थापत मरत होती, अक्का माझ्यावर ओरडत मरत होती, मी बसल्या बसल्या मरत होतो. धडधाकट होती ती एकटी चिमी. जिला डोळे उघडवत नव्हते ती.

हे माझ्या डोक्यात शिरायला किती वेळ लागला सांगता येत नाही. शिरलं तेव्हा मी नुसता म्हणालो, "अक्का, हे मेंढीचं आहे."

"काय मेंढीचं आहे?"

"एकशे तीन. मेंढीला एवढं असतंय. माणसाला न्हाई."

अक्का मला शिव्या देईल, मारेल, असं वाटलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं चिमीला घोंगडीसकट उचललं आणि उन्हात चालू लागली. चपलासुद्धा घातल्या नव्हत्या. मी तिच्या चपला घेऊन मागं पळालो.

मळ्यापासून सडकेपर्यंत मातीची वाट, सगळी तापलेली. बांधावर आबा कळप घेऊन उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि सामानाचं घोडं त्यांच्याजवळच चरत होतं ते पुढं केलं. अक्का चिमीला घेऊन घोड्यावर बसली, मी दोरी धरून पुढं. सडकेवर घनसावंगीची जीप उभी होती, अर्धी रिकामी. ड्रायव्हर बिडी ओढत होता. "अजून चार शीट आली की काढतो," तो म्हणाला.

अक्का आत बसली. म्हणाली, "काढ."

ड्रायव्हरनं मांडीवरच्या लेकराकडं पाहिलं, बिडी टाकली आणि जीप काढली. मी दाराला लटकलो. आत बसण्याचा हक्क मला आहे असं वाटत नव्हतं. वाटेत चिमीचा डावा हात दोनदा झटका बसल्यासारखा उडाला आणि डोळे वर गेले. अक्का "चिमे, चिमे" म्हणत राहिली, त्याच आवाजात, न थांबता. जीपमध्ये एक म्हातारी होती, तिनं आपल्या कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन चिमीच्या डोक्यावर थापलं आणि मला म्हणाली, "लटकून काय राह्यला, मागचा पडदा वर कर, वारा येऊ दे." मी पडदा वर धरून ठेवला. घनसावंगी येईपर्यंत धरून ठेवला. गरम वारा आत येत होता, पण वारा होता.

डॉक्टर वयस्कर होते, पंख्याखाली बसलेले, शर्टाची वरची बटणं उघडी. त्यांनी पहिलं काम केलं ते घोंगडी ओढून फेकण्याचं. "हे काय गुंडाळलंय लेकराला," एवढंच म्हणाले. नळाच्या साध्या पाण्यात कापड भिजवून कपाळ, मान, काखा, पोट, सगळं पुसायला लावलं. औषध चमच्यानं दिलं. चिमणीसारखी चोच उघडून चिमीनं ते घेतलं. घशात बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले, "घसा पार पिकलाय." अक्कानं गारेगारचं काही विचारलं नाही, कारण तिला ते ठाऊक नव्हतं. मी भिंतीकडं पाहिलं.

"ताप कधीपासून?"

"सकाळपासून," अक्का म्हणाली.

"मोजला होता?"

"मोजला होता," मी म्हणालो. "एकशे दोन. मंग तीन." थोडं थांबून म्हणालो, "मंग चार." अक्काची मान माझ्याकडं वळली ते मला न बघताच कळलं.

"मग सकाळीच का न्हाई आणली?"

अक्का म्हणाली, "तो ढोरांच्या दवाखान्यात असतो."

डॉक्टरांनी माझ्या खिशाला लावलेल्या थर्मामीटरकडं पाहिलं. "गाई का मेंढ्या?"

"मेंढ्या."

त्यांनी मान हलवली. "मंग बराबर मोजलं," ते म्हणाले, आणि माझ्या हातात ओलं कापड दिलं. "आता पुसत बस. मी सांगेपर्यंत थांबायचं न्हाई."

मी पुसत बसलो. कापड भिजवायचं, पिळायचं, पुसायचं, ते गरम झालं की पुन्हा भिजवायचं. माझ्या आयुष्यात मी इतक्या मनापासून एवढं एकच काम केलं असेल. अक्का समोर भिंतीला टेकून बसली होती. एकदाच बोलली. "लेकरू जसं नेते तसं आणीन म्हणून सांगून आल्ते मी," ती म्हणाली. मी म्हणालो, "अक्का." ती म्हणाली, "पुस." उन्हं कलायला लागली तेव्हा चिमीच्या मानेवर घाम आला, खरा घाम, आणि अंग हाताला नुसतं कोमट लागलं. तिनं डोळे उघडले, छताकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि विचारलं, "मामा, माझं कोकरू?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. अक्का म्हणाली, "आहे, आहे तिथंच," आणि मग तीही रडली, पण माझ्यापासून तोंड फिरवून.

डॉक्टरांनी तीन दिवसांचं औषध दिलं आणि हात दुखतोय का असं मला विचारलं. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "दुखायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीला घेऊन आम्ही सामान आणायला मुक्कामावर गेलो. ती घोंगडीवर बसली, मांडीवर पांढऱ्या कपाळाचं कोकरू, आणि मायनं केलेली पातळ पेज चमच्या-चमच्यानं खाऊ लागली. मायनं मला जास्त भाकरी वाढली, म्हणजे तिला दया आली होती. अक्का माझ्याशी दोन शब्द बोलली, त्यातला एक 'मीठ' होता. मी थर्मामीटर खिशातून काढून कपड्यांच्या गाठोड्यात आत ठेवला होता.

आबा वाघर गुंडाळत होते. कळपाच्या कडेला एक मेंढी मान खाली घालून उभी होती, कान पडलेले, धापा टाकत. मी मूळचाच निर्लज्ज. काल जे घडलं ते भरून काढायची ही संधी दिसली. मेंढी म्हणजे तर माझाच प्रांत, तिथं माझी तीन वाक्यं लागू पडणार होती. मी उठलो, गाठोड्यात हात घातला, थर्मामीटर काढून मनगटातून दोनदा झटकला.

आबांनी वाघर खाली ठेवली. मेंढीजवळ जाऊन तिचा कान अंगठ्यात धरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू बस तिकडं. आता हिला माणसाचा हिशेब लावशील."